रुपयाएवढ्या भोकातून

2019 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं हातात घेतलं तर त्याचा व्यास 20 मिलिमीटर भरतो. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत सगळं गणित याच आकड्याभोवती फिरतं. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या इंजिनात जाणारी सगळी हवा एकाच गोल भोकातून गेली पाहिजे आणि त्या भोकाचा व्यास 20 मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियमच आहे. इंजिन चार स्ट्रोकचं आणि पिस्टनचं हवं, आणि सगळे सिलिंडर मिळून ते 710 सीसीच्या आत बसलं पाहिजे. सिलिंडर किती, टर्बो लावायचा की नाही, इंजिन बाजारातून आणायचं की घरी घडवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ही स्पर्धा 1981 मध्ये अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. 1998 मध्ये ती ब्रिटनमध्ये पोचली आणि 2011 मध्ये ‘सुप्रा एसएईइंडिया’च्या रूपानं आपल्याकडे आली. पुढे ‘फॉर्म्युला भारत’ ही दुसरी स्पर्धा सुरू झाली. ती जानेवारीत कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. आता खानदेशाकडे वळू. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, त्यानंतरच्या काळात धुळे, बांभोरी, फैजपूर अशी ठिकाणं अभियांत्रिकी शिक्षणाच्या नकाशावर आली. जळगावला 1996 मध्ये शासकीय महाविद्यालय झालं, शिरपूरला 2001 मध्ये आर. सी. पटेल संस्थेचं झालं. एवढी मुलं इथं यंत्र अभियांत्रिकी शिकतात, त्यांना अशी गाडी बांधायची असेल तर तिच्यात इंजिन कोणतं घालावं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मोठ्या महाविद्यालयांच्या देखादेखी चार सिलिंडरच्या जपानी इंजिनामागे धावू नये. चाकणला तयार होणारं एका सिलिंडरचं छोटं इंजिन घ्यावं, आणि सगळी अक्कल त्याच्या हवेच्या वाटेवर, तेलाच्या चेंबरवर आणि इंधनावर खर्च करावी.

हे उत्तर पटायचं असेल तर त्या भोकात काय घडतं हे आधी नीट पाहिलं पाहिजे. इंजिनानं ओढ वाढवली की भोकातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढत जातो, पण तो आवाजाच्या वेगाला पोचला की तिथंच थांबतो. पुढे पिस्टन कितीही जोरात ओढो, हवा वाढत नाही. समुद्रसपाटीच्या दाबाला आणि 27 अंश तापमानाला 20 मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे 74 ग्रॅम हवा जाते. कोइमतूरसारख्या चारशे मीटर उंचीच्या गावी हा आकडा पाचेक टक्क्यांनी उतरतो, आणि मे महिन्यातल्या धुळ्याच्या 43 अंशांत आणखी अडीच टक्क्यांनी. एवढ्या हवेत जेमतेम पाच ग्रॅम पेट्रोल नीट जळतं. त्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सासुद्धा चाकापर्यंत पोचत नाही हे धरलं, तर हिशेब शंभर हॉर्सपॉवरच्या अलीकडेच संपतो. प्रत्यक्षात ऐंशी-नव्वद मिळाले तरी पुष्कळ. या अवस्थेचं मर्म खानदेशातल्या माणसाला परक्या उदाहरणाशिवाय कळावं. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत याच अडचणीतून जन्मली. नदीला पाणी किती येणार हे गावाच्या हातात नव्हतं. बंधाऱ्यावर अडलेलं पाणी पाटानं कुठल्या फडात, कोणत्या पिकाला, किती वेळ द्यायचं हे मात्र होतं, आणि ते ठरलेलं अमलात आणायला पाटकरी होता. तरुणपणी याच भागात नोकरी करताना विश्वेश्वरय्यांनी पांझरेचा प्रवाह नळाच्या सायफनमधून ओलांडला, तेव्हा अरुंद वाटेतून प्रवाह नेण्याचं गणित या मातीला नवं नाही. असं भोक, म्हणजे रिस्ट्रिक्टर, लावलेल्या इंजिनाचा आराखडा म्हणजे पाटकऱ्याचं काम आहे. मिळणारी हवा ठरलेली आहे, आणि ती वाया न घालवणं हेच कौशल्य.

नियमांनी काही वाटा मुळातच बंद केल्या आहेत. फिरत्या त्रिकोणी रोटरचं वांकेल इंजिन आकारानं लहान आणि ताकदीनं मोठं असतं, पण त्यात पिस्टन नाही म्हणून ते बाद. यामाहा आरएक्स-100 चा आवाज आजही ज्यांच्या कानात आहे त्यांना दोन स्ट्रोकची आठवण होईल. तेही चालत नाही. दुसऱ्या टोकाला ‘बाहा’ ही खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची स्पर्धा आहे. ती मध्य प्रदेशात पीथमपूरला भरत आली आहे, म्हणजे शिरपूरच्या पोरांनी आग्रा रोड धरून बिजासनचा घाट चढला की जवळजवळ पोचलेच. त्या स्पर्धेत अनेक वर्षं सगळ्यांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागत आलं आणि त्याला आतून हात लावायला मनाई. स्पर्धा उत्तम आहे, पण तिथं मुलं सस्पेन्शन शिकतात, गिअरबॉक्स शिकतात, वेल्डिंग शिकतात. इंजिन शिकत नाहीत. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये ही मोकळीक आहे, आणि म्हणून तिचा उपयोग कसा करायचा हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा.

जगभरच्या संघांनी पहिली कित्येक वर्षं ही मोकळीक एकाच ठरावीक पद्धतीनं वापरली. जपानी 600 सीसी मोटरसायकलचं चार सिलिंडरचं इंजिन आणायचं, होंडा सीबीआर 600 आरआर नाहीतर यामाहा आर-6, आणि त्याच्या तोंडाला रिस्ट्रिक्टर लावायचा. याला कारण होतं. असं इंजिन परदेशात भंगारातल्या मोटरसायकलीतून स्वस्तात मिळायचं, मजबूत असायचं, आणि चार सिलिंडर आळीपाळीनं हवा ओढत असल्यानं भोकातला प्रवाह सलग राहायचा. पण त्याचा हिशेब मांडून पाहा. 599 सीसीचं हे इंजिन मिनिटाला तेरा हजार फेऱ्यांच्या आसपास भोकाची सगळी 74 ग्रॅम हवा खाऊन टाकतं. मोटरसायकलवर ते त्याच्याही पुढं फिरतं आणि तिथंच आपली खरी ताकद दाखवतं. गाडीत तो पल्ला निरुपयोगी होतो. त्या वेगासाठी घडवलेले कॅमशाफ्ट, मोठे व्हॉल्व्ह, आखूड स्ट्रोक या सगळ्याची किंमत मोजायची, साठ किलोच्या घरातलं वजन वाहायचं, आणि वापरायचा त्यातला अर्धा भाग. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. या इंजिनाचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाहीत. स्पर्धेच्या आधी तीन आठवडे टायमिंग चेनचा टेन्शनर गेला तर धुळ्याच्या विद्यार्थ्यानं तो कुठून आणायचा?

याच्यासमोर केटीएम 390 चं इंजिन ठेवू. ही मोटरसायकल 2013 मध्ये आली आणि ती बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते. 89 मिलिमीटर बोअर, 60 मिलिमीटर स्ट्रोक, 373 सीसी, एक सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, वजन सुमारे 36 किलो. नंतरच्या आवृत्तीत स्ट्रोक 64 मिलिमीटर झाला आणि क्षमता 399 सीसीच्या आसपास गेली. ताकद त्रेचाळीस-चव्वेचाळीस हॉर्सपॉवर. भारतातल्या अनेक संघांनी ते वापरलं आहे, म्हणजे ही निवड काही अनोखी नाही. पण ती बहुधा ‘परवडतं म्हणून’ केली जाते आणि लाजत केली जाते. माझा आक्षेप त्या लाजेला आहे. परवडतं हे खरंच. त्याशिवाय अभियांत्रिकीच्या कसोटीवरही ही निवड उभी राहते.

ताकद निम्मी आहे, ही यावरची सगळ्यांत सरळ हरकत आहे आणि ती झटकून चालणार नाही. 75 मीटरच्या सरळ धावेत चार सिलिंडरची गाडी पुढं जाणारच. पण हजार गुणांच्या मूळ अमेरिकी स्पर्धेत त्या धावेला फक्त 100 गुण आहेत. गाडीच्या आराखड्याची परीक्षा 150 गुणांची, खर्चाचा हिशेब 100 गुणांचा, इंधनाची काटकसर 100 गुणांची, आणि 22 किलोमीटरची एन्ड्युरन्स शर्यत सर्वांत मोठी, 275 गुणांची. ती शर्यत ज्या मार्गावर होते तो मुद्दाम वळणावळणाचा आखलेला असतो. सरासरी वेग ताशी 48 ते 57 किलोमीटर, कमाल वेग 105 च्या आसपास, आणि केसाच्या पिनेसारखं वळण बाहेरच्या बाजूनं नऊ मीटर व्यासाइतकं तंग असू शकतं. अशा रस्त्यावर ऐंशी हॉर्सपॉवर पूर्ण उघडायला जागा किती वेळा मिळते? वळणातून निघताना मध्यम फेऱ्यांवर मिळणारा ओढा, हलकी गाडी आणि थ्रॉटलला मऊपणे प्रतिसाद देणारं इंजिन इथं कामाला येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शर्यत पूर्ण होणं. अर्ध्यावर चालक बदलून, तापलेली गाडी पुन्हा चालू करून शेवटची फेरी गाठण्यात दर स्पर्धेत कितीतरी गाड्या हरतात. जी गाडी 22 किलोमीटर पुरी करत नाही तिच्या हॉर्सपॉवरचा आकडा पोस्टरवर राहतो.

तरीही एक सिलिंडर घेतला आणि रिस्ट्रिक्टर ठोकला, इतकं हे सोपं नाही. नऊ हजार फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला सरासरी तीस-बत्तीस ग्रॅम हवा मागतं. मर्यादा 74 ची, म्हणजे वरवर पाहता भोकाचा त्रास व्हायलाच नको. पण चार स्ट्रोकांपैकी एकाच स्ट्रोकला ते श्वास घेतं. उरलेले तीन स्ट्रोक भोक रिकामं बसतं. म्हणजे श्वासाच्या त्या क्षणी मागणी सरासरीच्या जवळपास चौपट होते, शंभर ग्रॅमच्या पार जाते, आणि भोक गुदमरतं. सरासरीत सुकाळ आणि नेमक्या वेळेला दुष्काळ, अशी ही स्थिती. त्यावर उपाय तोच जो पाण्यावर गावोगाव केला जातो: मध्ये साठवण करायची. रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये इंजिनाच्या कित्येक पट आकाराची हवेची टाकी, म्हणजे प्लेनम, बसवली की भोकातून हवा सतत झिरपत राहते आणि सिलिंडर आपल्या वेळेला टाकीतून भरून घेतो. टाकी फार मोठी केली तर पॅडल दाबल्यावर इंजिन उशिरा जागं होतं. लहान केली तर गुदमरतं. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीची लांबी बदलली की हवेच्या लाटा वेगळ्या वेळी परततात आणि ओढा वेगळ्या फेऱ्यांवर येतो. रिस्ट्रिक्टरच्या पुढचं नरसाळं फार वेगानं रुंद केलं तर हवा भिंत सोडून भोवऱ्यात अडकते, म्हणून ते हळूहळू उघडावं लागतं. यातलं प्रत्येक काम धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या किंवा जळगावच्या लेथवर होण्यासारखं आहे, अॅल्युमिनियमच्या पत्र्यात आणि फायबरमध्ये होण्यासारखं आहे, आणि प्रत्येकात खरं इंजिनशास्त्र आहे. आराखड्याच्या परीक्षेत परीक्षक हेच विचारतात: ही नळी एवढीच लांब का?

दुसरं काम तेलाचं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत शिकवणारं. मोटरसायकल वळताना झुकते. झुकल्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेर फेकणारा जोर मिळून चेंबरच्या तळाकडेच दाबतात, तेल जागेवर राहतं आणि पंपाला ते मिळत राहतं. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवलं की झुकणं बंद होतं. चांगले टायर असलेली गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाहून मोठा आडवा जोर सोसते. तेवढ्यात तेल चेंबरच्या एका भिंतीवर चढून बसतं, पंप हवा ओढतो आणि क्रँकचं बेअरिंग कोरडं पडतं. काही सेकंदांचा हा कोरडेपणा पुरतो. इंजिन सीझ होतं. कारखान्यानं उत्तम बनवलेलं इंजिन निव्वळ जागा बदलल्यामुळे मरतं, हे ज्या विद्यार्थ्याला एकदा कळलं त्याला यंत्राकडे बघण्याची वेगळीच नजर येते. चेंबरमध्ये अडसराचे पत्रे घालणं, एका दिशेनं उघडणाऱ्या झडपा लावणं, चेंबर उथळ करून तेल बाहेरच्या टाकीत ठेवणं, हे सगळे उपाय माहीत आहेत. कुठला उपाय आपल्या गाडीला पुरेल हे मात्र मोजूनच ठरतं. आणि मोजायचं म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी लागते. सीबीआरचं एक इंजिन गमावणं छोट्या संघाला झेपत नाही. केटीएमचं झेपतं, अपघातात गेलेल्या मोटरसायकलीतून दुसरं मिळतं. स्वस्ताईचा अभियांत्रिकी अर्थ हा आहे.

तिसरी वाट इंधनाची. आंतरराष्ट्रीय नियमांत 85 टक्के इथेनॉलच्या इंधनाला, ई-85 ला, मुभा आहे, पण भोक 19 मिलिमीटरचं करावं लागतं. क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी घटतं, म्हणून चार सिलिंडरच्या संघांना हा सौदा तोट्याचा वाटू शकतो. त्यांचं इंजिन मर्यादेला टेकलेलंच असतं. एका सिलिंडरच्या इंजिनाची सरासरी मागणी मर्यादेच्या निम्मीही नसते. प्लेनम नीट असेल तर त्याला त्या एका मिलिमीटरचा फटका जाणवणार नाही, आणि फायदे मात्र सगळे मिळतील. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. ते ठोका सहन करतं, म्हणून साडेबाराच्या आसपासचं कॉम्प्रेशन तेरा-चौदापर्यंत नेता येतं, आणि कॉम्प्रेशन वाढलं की त्याच हवेतून जास्त काम निघतं. शिवाय देशातलं पेट्रोल 2025 मध्ये वीस टक्के इथेनॉल मिश्रणापर्यंत पोचलं आहे; उसाबरोबर मक्यापासूनही इथेनॉल काढलं जातं. ज्या भागात शहाद्याचा साखर कारखाना आणि दोंडाईच्याचा मक्यापासून स्टार्च बनवणारा कारखाना आहे, जिथं शेतकरी मक्याचा भाव रोज पाहतो, तिथल्या विद्यार्थ्यानं इथेनॉलचं इंजिन समजून घेणं ही हौस राहत नाही. नळीची रबरं, पंप, इंजेक्टर यांवर या इंधनाचा काय परिणाम होतो हा प्रश्न आज प्रत्येक गॅरेजच्या दारात उभा आहे.

मग स्वतःचं इंजिनच का घडवू नये? घडवलं गेलं आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मेलबर्न विद्यापीठात या स्पर्धेसाठी खास सुमारे 430 सीसीचं दोन सिलिंडरचं टर्बो इंजिन तयार झालं. त्यावरचे शोधनिबंध 2005-06 मध्ये अमेरिकेच्या एसएई संस्थेनं प्रसिद्ध केले, आणि त्यांतून दिसणारा विचार माझ्या मुद्द्याला बळ देतो. 600 सीसी आणि कमाल फेऱ्यांचा हव्यास सोडून, लहान इंजिनातून फेऱ्यांच्या रुंद पट्ट्यात सपाट, सलग ताकद काढायची, कारण भोक कमाल ताकद ठरवून टाकतंच. पण त्यामागं संशोधनाची वर्षं होती, प्रयोगशाळा होती, आणि पीएचडी करणाऱ्याची चिकाटी होती. आपल्या महाविद्यालयात संघाची मुलं दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. क्रँककेस ओतण्यापासून सुरुवात केली तर पहिली बॅच साचा बघेल, दुसरी तडे बघेल, आणि गाडी कुणीच बघणार नाही. टर्बोचंही तेच. एका सिलिंडरवर टर्बो लावून भोकाची उरलेली हवा वापरणं तत्त्वतः उत्तम आहे, पण तेल आणि थंडावा हे दोन प्रश्न सुटण्याआधी तो लावला तर पिस्टन जळेल. पहिली तीन वर्षं तो मोह टाळावा.

सगळ्यांत जड आक्षेप विजेचा आहे. झुरिकच्या ईटीएच आणि ल्युसर्नच्या विद्यार्थ्यांच्या गाडीनं सप्टेंबर 2023 मध्ये शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग 0.956 सेकंदात गाठला. पेट्रोलची कुठलीही विद्यार्थी-गाडी त्याच्या आसपास नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा संघ विजेच्याच गाड्या बांधतो. मग धुळ्याच्या मुलांनी जुन्या विद्येत वर्षं का घालवावीत? माझं उत्तर दुहेरी आहे. विजेची गाडी वेगानं श्रेष्ठ आहे हे मान्य. पण स्पर्धेच्या नियमांत 600 व्होल्टपर्यंतची बॅटरी बांधायची मुभा आहे, आणि तेवढ्या दाबाची बॅटरी विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी लागणारी सुरक्षितता, अनुभवी शिक्षक आणि पैसा ज्या महाविद्यालयात नाही त्यानं ती वाट धरणं धोक्याचं आहे. तिथं चूक झाली तर इंजिन सीझ होत नाही, माणूस जातो. आणि इंजिनाची विद्या जुनी झाली हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. बजाजनं जुलै 2024 मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकल बाजारात आणली. इथेनॉल, सीएनजी, हायड्रोजन ही सगळी कामं ज्वलन समजणाऱ्या माणसांचीच आहेत, आणि ज्या देशातल्या रस्त्यांवर कोट्यवधी दुचाकी पेट्रोलवर धावताहेत त्याला अशी माणसं आणखी कित्येक वर्षं लागणार आहेत. ज्या महाविद्यालयाची विद्युत शाखा भक्कम आहे त्यानं जरूर बॅटरीकडे जावं. माझा विरोध सगळ्यांनी एकाच वाटेला लागण्याला आहे, मग ती वाट चार सिलिंडरची असो की बॅटरीची.

उरतो पैशाचा आणि सातत्याचा प्रश्न, आणि इथं दोष विद्यार्थ्यांचा नाही. दरवर्षी नवा संघ नवं इंजिन निवडतो, आधीच्या संघाच्या नोंदी सापडत नाहीत, आणि आधीच्या चुका पहिल्यापासून पुन्हा होतात. एकच इंजिन पाच वर्षं ठेवलं, प्रत्येक नळीची लांबी, प्रत्येक सीझ झालेलं बेअरिंग, प्रत्येक इंधन-नकाशा वहीत उतरला, तर पाचव्या वर्षीच्या मुलांना आपल्या इंजिनाबद्दल जे माहीत असेल ते बाहेर कुणाला सहज माहीत नसेल. या कामाला सर्वांत आधी लागतो तो डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारा बाक. त्याच्याशिवाय प्लेनम, कॉम्प्रेशन, इथेनॉल हे सगळे अंदाजच राहतात. एकट्या महाविद्यालयाला तो जड जातो आणि घेतला तरी वर्षाचे दहा महिने धूळ खातो. धुळे, शिरपूर, बांभोरी, फैजपूर आणि जळगावच्या संस्थाचालकांना व प्राचार्यांना माझी विनंती आहे, की पाचांनी मिळून एक डायनो घ्यावा, तो मध्यावर जळगाव किंवा धुळ्याला ठेवावा, आणि फडाच्या पाळीसारख्या त्याच्या पाळ्या लावाव्यात. कोइमतूरची स्पर्धा जानेवारीत असते. पाळ्या जूनपासून सुरू व्हायला हव्यात.